तळ नसलेले सँडल

आई, तुला वारज्याहून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. कंपनीत सध्या काम कमी आहे, म्हणून दुपारी विणायला वेळ मिळतो. त्यावरून काळजी करत बसू नकोस. वर्ध्याचं ऊन काय म्हणतंय? कूलरची बादली एकटीने उचलू नकोस.

सोबत क्रोशाचे सँडल पाठवतेय. त्यांना तळ नाही. तळ नाही तर चप्पल कसली, असं तू म्हणशीलच. इथल्या मुली उन्हाळ्यात ते नुसते शोभेला घालतात. पायावर जाळी, घोट्याला नाडी आणि बोटात अडकवायला दोऱ्याची कडी. टाके तूच शिकवलेले, टीव्हीवरच्या रुमालाचे. माप माझ्याच पायाचं घेतलंय. तुझ्या चपला मला शाळेपासून होतात.

कडी विणताना मात्र हात थांबला. ती अंगठ्याशेजारच्या बोटात बसते. लहानपणी सकाळी तुझी जोडवी फरशीवर वाजली की अंथरुणातच कळायचं, आता चहा होणार. बाबा गेल्यावर तू ती काढून ठेवलीस. दिवाळीत आले तेव्हा तू उठून स्वयंपाकघरात कधी गेलीस, मला पत्ताच लागला नाही.

शेजारच्या कुंदाकाकूंनी विचारलं तर सांग, नुसता दोरा आहे, पुण्याची फॅशन. कडीखाली एक घुंगरू दडवलंय, ते नको सांगूस.

एकदा सकाळी ते घाल आणि मला फोन लाव. बोलायचं काही नाही. फोन ओट्यावर ठेव आणि चहा कर. मी अंथरुणातच असेन.

तुझीच,
उत्कर्षा