अंगुस्तानभर बी

प्रिय बुटके,

नाक मुरडू नकोस, नाव आईने ठेवलंय, मी फक्त चालवतेय. तुझे भावोजी म्हणतात, एवढं पत्र कशाला, फोन लाव आणि बोल. पण तीन वर्षं झाली, फोनवर आपण 'बरी आहेस ना' आणि 'बरी आहे' याच्या पुढे सरकलेलो नाही. मला आज पुढे सरकायचंय.

सकाळपासून मी तंद्रीतच आहे. दूध उतू गेलं, भावोजींच्या चहात साखर दोनदा पडली आणि त्यांनी तो गुपचूप प्यायला. कारण ऐक. मागच्या दाराच्या दुसऱ्या पायरीला भिंतीलगत चीर आहे ना, जिच्यात तू एकदा कपाटाची किल्ली घालवली होतीस, तिथे आईची घंटीफुलं फुललीत! वीतभरही उंची नाही. नखाएवढी पानं आणि त्यावर निळी-जांभळी फुलं, तोंडं वर करून बसलेली. खाली माती म्हणावी तर चिमूटभरसुद्धा नाही.

पायरीवर बसले आणि किती वेळ गेला कळलंच नाही. आई दारात मशीन ओढून शिवायला बसायची ते दिसायला लागलं. तोंडात टाचण्या, बोटात अंगुस्तान, आणि शेजारच्या पसरट कुंडीत ही फुलं. स्वस्थ बसलं की त्यांची किणकिण ऐकू येते, असं ती सांगायची. तू पालथी पडून फुलांना कान लावायचीस आणि वाजतंय म्हणून शपथ घ्यायचीस. मी शहाणी! फुलं कुठे वाजतात का, म्हणून तुला उठवायची. आज या वयात मी पायरीवर आडवी होऊन कान लावला. शेजारीण धावत आली, तिला वाटलं मला चक्कर आली. वाजलं की नाही ते भेटल्यावर सांगेन.

आई दवाखान्यात होती त्या उन्हाळ्यात कुंडी वाळून गेली. तू वाळक्या बोंडांतून बी झटकून काढलंस, धुळीसारखं बारीक, आणि आईच्या अंगुस्तानात जपून ठेवलंस. आई गेल्यावर ते कुंडीत पेरलंस, तळहाताने नुसतं दाबलंस आणि मला बजावलंस, ताई, फक्त पाणी शिंपड, बाकी हात लावू नकोस. मग नोकरीवर परत गेलीस आणि रोज फोन करून विचारत राहिलीस. दीड महिना झाला तरी एक कोंब नाही. तू आलीस, कुंडीपाशी उकिडवी बसलीस आणि मला विचारलंस, काही केलंस का. मी म्हटलं, काही नाही. वर हेही म्हटलं की बीच पोचट असेल, तू घाईने काढलंस. जाताना दारात भावोजींना म्हणालीस, आईचं शेवटचं होतं ते मी घालवलं. त्यानंतर तू या घराची पायरी चढली नाहीस.

मागच्या आठवड्यात पहिली कळी दिसली तेव्हा तिची फांदी घेऊन मी रोपवाल्या काकांकडे गेले. कुंडीतलं बी उगवलंच नव्हतं म्हटल्यावर, ते कसं पेरलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तसे ते हसले आणि मग माझा चेहरा बघून त्यांनी नीट समजावून सांगितलं. तेच तुला सांगायला हे पत्र लिहितेय. लहानपणी तू झोपेत पांघरूण लाथाडायचीस आणि मी उठून परत घालायची, आठवतं? तू गेलीस त्या दिवशी वारा सुटला होता. ते बी कुंडीत उघडं पडलेलं मला बघवेना. मी चांगली चाळलेली माती घेतली आणि त्यावर दोन बोटं थर दिला. वरून थोपटलंसुद्धा. काका म्हणाले, या बियांना उजेड लागतो, मातीखाली त्या उठतच नाहीत. बी पोचट नव्हतं गं. तू घाईही केली नव्हतीस. मातीने बिघडलं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण हात लावला होता हे ठाऊक होतं, आणि ते मी लपवलं. वर दोष तुझ्या माथी मारला. चुकले मी, बुटके. त्या वाऱ्याने चिरेत उडालेल्या बियांवर पांघरूण घालायला कुणी गेलं नाही, म्हणून त्या जगल्या. महिन्याभरात बोंडं वाळतील. अंगुस्तान घासून खिडकीत ठेवलंय. तू ये आणि तुझ्या हाताने पेर, मी हात पाठीमागे बांधून उभी राहीन. तुझ्या खोलीत पांघरूण घडी करून पायथ्याशी ठेवलंय. वाटलं तर तूच घे.

तुझीच,
आगाऊ ताई