फाटकात उभं राहून मारलेली हाक

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या भाच्याचा लांबूनच नमस्कार (जवळ असतो तर आधी कान पकडला असतास). गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? माझी तब्येत ठीक, अक्कल तेवढी ठिकाणावर नाही.

मी काय काम करतो हे तू शेजारणीला "कोर्टात काहीतरी" असं सांगतेस. तर ज्यांच्यावर सरकारी माणसांनी अन्याय केला, त्यांच्या वकिलांसाठी मी चपला झिजवून साक्षीदार शोधतो. सध्याचा दावा एका हमालाचा. पोलीस चौकीच्या फाटकात त्याला इतकं मारलं, की उजवा हात खांद्याच्या वर जात नाही (हमालाचा, मावशी!). चौकी म्हणते, पायरीवरून पडला.

पाहणारं एकच माणूस सापडलं. समोर पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणारी, एकटी राहणारी शिंपीणबाई. ती बोलावी म्हणून मी दर आठवड्याला एक पॅंट आखूड करायला नेली (आता सगळ्या घोट्याच्या वर आहेत, ऑफिसात विचारतात, पूर आलाय का). आठव्या पॅंटला ती बोलली. अट एकच, सुनावणीपर्यंत कुणाला कळता कामा नये. मी वचन दिलं.

पण माझी खोड तुला ठाऊक आहे, दुसऱ्यानं मोजलेलं मी पुन्हा मोजतो. खिडकीतून फाटक खरंच दिसतं का, हे पाहिल्याशिवाय जबाब कच्चा. म्हणून तिला मशीनवर बसवलं, खाली उतरलो, रस्ता ओलांडून थेट फाटकात उभा राहिलो. वरून काही खूण होईना. (फोन खिशात होता. खिशातच होता.) मी तोंडाशी हात धरून ओरडलो, "मी दिसतोय का?"

मशीनच्या खडखडाटामुळे तिला मोठ्यानं बोलायची सवय. ती खिडकीतून म्हणाली, "दिसताय की! त्याला मारलं तेव्हाही असंच दिसत होतं!"

माझ्यामागे हवालदार होता. त्यानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नि आत गेला. दुसऱ्या दिवशी घरमालकानं तिला आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं. हमालाच्या वकीलबाई मला रागावल्या नाहीत, नुसता चष्मा पुसत बसल्या. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, असं म्हणून हसलो असतो, पण माझ्या शहाणपणापायी एका बाईचं घर गेलं.

जमलं तर माफ कर.

तुझा,
भाचा

ता. क. तुझी वरची खोली रिकामीच आहे ना? सहज विचारतोय.

ता. क. सहज नाही. हे पत्र पोस्टानं आलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या बाईनं हातात दिलं, तीच ती. अजून दारात उभी असेल तर आधी आत घे. तुला विचारून पाठवायला हवं होतं, पण तू नाही म्हणालीस तर दुसरं घर मला सुचेना. मशीन जड आहे, काकांना उचलू देऊ नकोस.

ता. क. सुनावणीला ती येणार आहे. विचारायला मला तोंडच नव्हतं. बसची वाट पाहताना तीच म्हणाली, "सगळ्या गल्लीनं ऐकलंय, आता न्यायाधीशांचंच तेवढं ऐकायचं का राहावं?"