मामाआबा दोन दिसले तेव्हा

तीर्थरूप सिंधुअक्कास,

धाकट्या हणमंतचा लातूरहून नमस्कार. अमृतरावदाजींचे गुडघे चालते आणि म्हैस दुभती असेल, अशी आशा आहे. तुझी नात रुद्राणी सुखरूप आहे. हे आधीच लिहिलं, कारण पुढचं वाचून तू मटकन खाली बसशील.

आमच्या शिवांगीच्या डॉक्टरीच्या क्लाससाठी खोली घेतल्यापासून आम्ही भावी डॉक्टरांच्या गल्लीत राहतो (आजारी पडायला याहून चांगली जागा नाही, असं मला वाटे). रुद्राणी सुट्टीला आली ती सर्दी घेऊनच. सोमवारी तिची डावी पापणी सुजली. मी म्हटलं, रांजणवाडी. तळहातावर बोट घासून ऊब दिली, कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला. दुसऱ्या दिवशी अंगात ताप, पापणी लालभडक. वरच्या मजल्यावरची पोरं धावत आली आणि त्यांनी परीक्षेसारखे चार पर्याय मांडले: रांजणवाडी, डोळे येणे, गांधीलमाशी, यांपैकी नाही. मग हात वर करून मतदान. माझं मत रांजणवाडीला (एकदा बोलून बसलो होतो ना).

तेवढ्यात रुद्राणीनं बोटानं पापणी उचलली आणि म्हणाली, "मामाआबा, तुम्ही दोन दिसून राहिले." मी हसलो. वाटलं, लेकरू लाडात आलंय. शिवाय मी एकाहून जास्त असावा असं आजवर कुणालाच वाटलं नव्हतं. पण त्या पोरांतला आलोक हसला नाही. (हा परीक्षेत दोनदा राहिलेला मुलगा.) त्यानं तिला मान न हलवता भिंतीवरच्या पालीकडे बघायला सांगितलं. ती कळवळली. "काका, पर्याय राहू द्या," तो म्हणाला, "रिक्षा आणा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं, नुसती पापणी सुजली तरी लेकराला दाखवावंच. पण ताप, डोळा फिरवताना दुखणं, डोळा पुढे येणं, कमी किंवा दोन दिसणं, यातलं काहीही दिसलं की त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. इन्फेक्शन डोळ्यामागे गेलं तर नजर जाऊ शकते. हिची नाकाशेजारची सर्दीच तिथवर पोचली होती. सलाईनमधून औषध सुरू झालं. (तिचे आईबाप उदगीरच्या लग्नाला गेलेत असं तुला सांगितलं, ते इथंच उशाशी आहेत.) मी जिन्यात बसून देवाचं नुसतं नाव घेत राहिलो, मागायला शब्द सुचेनात. आज सकाळी तिनं दोन्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "किती हाय मी?" विचारलं. "एकच," ती म्हणाली. एकच असणं मला एवढं गोड कधी लागलं नव्हतं.

तुझा,
हणमंत

ता. क. खरं काम हे. ती घरी आल्यावरही औषध संपेपर्यंत द्यायचंय. सूज उतरली की तू बाटली फळीवर ठेवतेस आणि काजळाची डबी काढतेस. म्हणून तिच्यासोबत मीही मुक्कामाला येतोय. डबी शोधू नकोस. दाजींना मी फोनवर सगळं सांगितलंय; तुला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही, पण डबी मात्र त्यांनी लपवली.

पुन्हा ता. क. रुद्राणी म्हणते, दोघांतला दुसरा मामाआबाच बरा होता. तो कडू औषध पाजत नव्हता.