खिळ्यावरचा पेनड्राइव्ह

४ मार्च, सोमवार

आज सकाळी ऑफिस मीच उघडलं. दाराजवळच्या खिळ्याला लाल दोरीने टांगलेला पेनड्राइव्ह काढला, वरच्या खिशात टाकला आणि तडक दवाखाना गाठला. कारण — मी आजोबा झालो! काल संध्याकाळी. मुलगी. लेक सुखरूप. काल खोलीबाहेर हात जोडून उभा होतो, तर नर्स म्हणाली, "अहो, रडताय काय, आत या ना!" मी रडत नव्हतो. बहुतेक.

फोटोंची कल्पना हिची. साहेबांना साखर, मला साखर, निम्म्या ऑफिसला साखर — मिठाई वाटायची कोणाला? "फोटो वाटा," ही म्हणाली. जावयांनी लॅपटॉपवरून फोटो पेनड्राइव्हवर घातले. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गर्दी, येईल त्याचा पेनड्राइव्ह एकाच कॉम्प्युटरला. पडद्यावर बघून तो म्हणाला, "आजोबा, नाक तुमचंच की!" वीस प्रती काढणार होतो, चोवीस काढल्या.

साडेदहाच्या आत परत. ऑफिसात एकट्या टायपिस्ट बाई. "दादा, मला आधी दाखवा! मोठ्या पडद्यावर!" त्यांच्याच कॉम्प्युटरला लावला. पडदाभर ती — मूठ आवळलेली, कपाळाला आठी. बाई म्हणाल्या, "अगदी साहेब! सही मागायला गेलं की असेच बघतात." पोट धरधरून हसलो. मग पेनड्राइव्ह परत खिळ्यावर.

५ मार्च, मंगळवार

तिने माझं बोट धरलं. सोडेचना. ऑफिसला वीस मिनिटं उशीर. पर्वा नाही.

६ मार्च, बुधवार

सगळे कॉम्प्युटर आडवे! आधी बाईंचा, मग एकेक करत पाचही. फाइल उघडावी तर नुसती भलतीसलती चिन्हं. तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. आमचं कामच ते — कोण जन्मलं, कोण गेलं, ते लिहून ठेवायचं. खिडकीपाशी ही लांब रांग. आमचा शिपाई — त्याला सगळे रेडिओ म्हणतात, बातमी आधी त्याच्याकडेच — दारात उभा राहून ओरडत होता, "आज कोणी जन्मू नका, मरू नका! मशीन बंद आहे!" रांग हसली. बरं झालं, नाहीतर मार खाल्ला असता.

साहेबांनी कपाटातून जुनं जाड रजिस्टर काढलं. "हाताने लिहा. अक्षर कोणाचं चांगलं?" सगळी बोटं माझ्याकडे. गावच्या शाळेत गुरुजींनी एकेक अक्षर शंभर-शंभरदा पाटीवर गिरवून घेतलं होतं. तेव्हा मनातल्या मनात किती बोल लावले त्यांना! आज मनातच पाया पडलो.

७ मार्च, गुरुवार

आज नातीची नोंद लिहिली. माझ्या हाताने!

जावई फॉर्म घेऊन थेट टेबलाशी आले. म्हटलं, "रांगेतून या." आले बिचारे, चौदाव्या नंबरला. तारीख, वेळ, आईचं नाव, बापाचं नाव. बाळाच्या नावाचा रकाना कोरा सोडला — ही एक नाव म्हणते, विहीणबाई दुसरं, आणि लेक म्हणते तुम्ही भांडा, मी झोपते. तो नंतर भरता येतो. कोऱ्या रकान्याकडे बघत राहिलो. एवढीशी जागा, आणि त्यात एक आख्खा जन्म यायचा आहे.

कॉम्प्युटर चालू असता तर हे माझ्या हातून झालं असतं का? देवा, तू कुठून कुठे नेऊन सुख देतोस!

८ मार्च, शुक्रवार

मुख्य कार्यालयातून कॉम्प्युटरच्या मॅडम आल्या. बारीक चणीच्या, बोलणं तोडून. दोन तास खुडबुड केली आणि म्हणाल्या, "व्हायरस पेनड्राइव्हमधून आलाय. चार तारखेला, दहा वाजून वीस मिनिटांनी. आधी या मशीनवर." बोट बाईंच्या कॉम्प्युटरकडे.

माझा हात लिहिता लिहिता थांबला.

भिंतीवर परिपत्रक आहे — बाहेरचा पेनड्राइव्ह लावू नये. खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या. पेनड्राइव्हचा खिळाही त्याच कागदातून ठोकलेला! मॅडम बघतच राहिल्या. रेडिओ म्हणाला, "पण हा बाहेरचा नाही ना मॅडम. हा ऑफिसचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा! खरंच तसं वाटायचं मला. घरचं माणूस बाजारात जाऊन आलं म्हणून परकं होतं का?

मॅडम म्हणाल्या, "बाहेर जाऊन आला की तो बाहेरचाच. आणि आत काय आलं तेवढंच बघू नका. बाहेर काय गेलं? यावर नोंदी आहेत. बाळांची नावं, आईबापांचे पत्ते. हा जिथे जिथे लागला, तिथे त्या राहिल्या असतील."

साहेबांनी बाईंना विचारलं, "चार तारखेला सकाळी काय लावलं होतंत?"

"आठवत नाही, साहेब."

बाईंनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मी तोंड उघडलं नाही. हे इथे लिहून ठेवतो.

११ मार्च, सोमवार

छपाई बंद, म्हणून चौकशीचा अहवाल सुवाच्य लिहायचं काम — कोणाकडे? अर्थात माझ्याकडे! साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. "कंत्राटी टायपिस्ट यांच्या निष्काळजीपणामुळे..." बाईंचं कंत्राट याच महिन्यात संपतं. हा कागद वर गेला की पुढचं मिळणार नाही. घरात कमावत्या त्या एकट्या.

नावाची जागा कोरी सोडली. म्हटलं, "साहेब, पूर्ण नाव विचारून घालतो." ते म्हणाले, "शुक्रवारी सही करतो."

१२ मार्च, मंगळवार

पाण्याच्या टाकीपाशी बाईंना गाठलं. "का नाही सांगितलंत?"

"दादा, मेमध्ये तुमची बढती आहे." मग पेला विसळत म्हणाल्या, "आणि त्या पोरीच्या पायगुणाची चर्चा व्हायला नको. या ऑफिसची तोंडं माहीत आहेत ना तुम्हाला?"

"आणि तुमचं?"

"माझं काय, बघू. टाइप कुठेही करता येतं." हसल्या. पेला मात्र दोनदा विसळला.

१३ मार्च, बुधवार

जावयांच्या लॅपटॉपवर काही राहिलं नव्हतं. मग फोटोवाल्याकडे गेलो. "आमचं काही राहिलंय का बघ बरं." राहिलं होतं. यादीच उघडली त्याने. एकशे बारा बाळं! घरनंबर, गल्ली, आईचं वय. एका ठिकाणी जुळी. एका नोंदीत बापाच्या नावाचा रकाना कोरा — तो कोराच ठेवा, हे त्या आईने फक्त आम्हाला सांगितलं होतं, खिडकीतून, हळू आवाजात. सगळी माझ्या वरच्या खिशातून गेली. देवाचं नाव घेतो त्याच छातीवरचा खिसा.

मॅडमना फोन लावून दुकान सांगितलं. म्हणाल्या, "कशाला हात लावू देऊ नका, मी येते." आल्या, साफ केलं. पेनड्राइव्ह तिथे नेला कोणी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. फोन करणारा मीच, हे त्यांना कळत नसेल का?

हिला सगळं सांगितलं. ही बाळाचे कपडे घडी करत होती. "बढती जाईल," मी म्हटलं. ही म्हणाली, "जाऊ दे. आजोबा झालात, त्याहून वरची जागा आहे का तुमच्या ऑफिसात?" आणि एवढंसं झबलं माझ्या डोक्यावर ठेवून खो खो हसली. मीही हसलो. किती दिवसांनी मोकळं वाटलं!

१४ मार्च, गुरुवार

नात आज शिंकली. सगळं घर बघायला धावलं.

१५ मार्च, शुक्रवार

पहाटे देवापुढे बसून अहवाल नव्या कागदावर पहिल्यापासून लिहून काढला. 'कंत्राटी टायपिस्ट' नाही — 'वरिष्ठ लिपिक'. कोऱ्या जागेत माझं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. अकरा वाजता सगळ्यांसमोर साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मोठ्याने वाचून दाखवला. एकही खाडाखोड नाही. अक्षर कुठेही हललेलं नाही.