नॉर्मल माणसाची उत्तरं

सोमवार, ४ मार्च

सकाळी उठलो, चहा केला, हॉस्पिटलला गेलो. दिवसभरात एकही पेशंट नाही. दुपारी मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, बोलावून सांगितलं की मानसशास्त्रीय चाचणी झाल्याशिवाय मला पेशंट देता येणार नाहीत. चाचणी माझी. या हॉस्पिटलमध्ये चाचण्या आणल्या कोणी? मीच.

कारण काय, तर गेल्या आठवड्यातला तो हार्टचा पेशंट. ऑपरेशनआधी त्याची मनाची तयारी तपासायची होती. तो बायकोच्या तक्रारी सांगत बसला. जेवणात मीठ घालत नाही, दिवसभर डोकं खाते. मी म्हटलं, ऐका तिचं, आणि बाहेर पडलो. परत जायचं राहून गेलं. तो बिचारा जेवणाची सुट्टी संपेपर्यंत खुर्चीत बसून होता. त्याला वाटलं हीच चाचणी. मी जिन्यात उभा होतो. माणसाला मोकळी हवा लागत नाही का?

मॅडमचं म्हणणं, घरात एवढं झालंय, थोडं थांबा. मी सांगितलं, आमच्या हिला जाऊन सात महिने होत आले, थांबून झालं, मी ठीक आहे. हे मी अजिबात आवाज न चढवता सांगितलं. तरी बाहेरच्या रिसेप्शनिस्टनं पाण्याचा ग्लास आणून दिला. कशासाठी ते कळलं नाही.

संकल्प: चाचणी द्यायची. एक नंबर द्यायची. केबिन आणि पेशंट दोन्ही परत घ्यायचे.

मंगळवार, ५ मार्च

चाचणी कोण घेणार ते कळलं. माझीच विद्यार्थिनी. वर्गात सगळे तिला चिमणी म्हणायचे, इतक्या बारीक आवाजात बोलायची. स्टॉपवॉच कसं धरायचं ते तिला मी शिकवलं. गुण कसे द्यायचे तेही. म्हणजे निकाल लागल्यातच जमा आहे.

सध्या माझ्या केबिनमध्ये तीच बसते. तिनं खुर्ची खिडकीकडे फिरवली आहे. परत आल्यावर पहिलं काम, खुर्ची सरळ करणं.

गुरुवार, ७ मार्च

लेकीचा फोन. तिनं ब्लडप्रेशर विचारलं. नॉर्मल म्हणालो. आकडा मागितला. मशीन बिघडलंय म्हणालो. मग नॉर्मल कशावरून, असं तिनं विचारलं. हा प्रश्न शंभर टक्के तिच्या आईच्या वळणाचा. हॉस्पिटलातल्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी प्रेशरसाठी लिहून दिलेली गोळी सुरू केली का, हेही विचारलं. मी म्हटलं, मशीन बिघडलेलं असताना गोळी घेणं अशास्त्रीय आहे.

त्यावर तिनं माझंच वाक्य मला ऐकवलं. मन लपवतं ते शरीर बोलून दाखवतं. हे मी शुगरच्या, प्रेशरच्या, दम्याच्या सगळ्या पेशंटना सांगतो. मी तिला शांतपणे सांगितलं की ते वाक्य पेशंटसाठी आहे.

पट्ट्याला नवीन भोक पाडलं. चामडं जुनं झालं की सैल पडतं.

शनिवार, ९ मार्च

तयारी. पहिला भाग प्रश्नांचा, हो किंवा नाही. यात नवशिके फसतात ते चांगलं दिसायच्या नादात. 'मला कधीच राग येत नाही' याला हो म्हटलं की माणूस खोटा ठरतो. असे प्रश्न मुद्दाम पेरलेले असतात. मला ते सगळे माहीत आहेत. म्हणून काही दोष आधीच ठरवून टाकले. ट्रॅफिकमध्ये चिडतो. क्वचित दुसऱ्याच्या पाठीमागे बोलतो. लहानपणी एकदा पेन्सिल चोरली. एवढे पुरे. मध्यम प्रतीचा, विश्वास बसेल असा माणूस.

दुसरा भाग शाईच्या डागांचा. डाग दाखवतात, काय दिसतं ते सांगायचं. इथे फार विचार करायचा नाही. नॉर्मल लोकांना जे दिसतं तेच आपल्याला दिसायला हवं. वर्षानुवर्षं मी वर्गात निरोगी मनाचा नमुना म्हणून एका बाईंची उत्तरं वाचून दाखवत आलो. ती तोंडपाठ आहेत. आज भांडी घासताना मनातल्या मनात म्हणून पाहिली. एकही अडलं नाही. स्मरणशक्ती शाबूत असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

बुधवार, १३ मार्च, दुपारी

प्रश्नांचा भाग झाला. उत्तम. 'मला झोप चांगली लागते' याला हो. खुर्चीत लागते, पण प्रश्नात पलंगाचा उल्लेख नाही. 'मला भूक व्यवस्थित लागते' याला हो. 'मला आयुष्यात रस वाटतो' याला हो, आणि तेही न अडखळता.

'मी कधी कधी रडतो' याला नाही. हे खरंच आहे. मी एकदाही रडलेलो नाही. वाटल्यास कोणालाही विचारा. अर्थात घरात विचारायला कोणी नाही.

चिमणीनं चहा विचारला. नको म्हणालो. माझ्या केबिनमध्ये मी पाहुणा नाही.

गुरुवार, १४ मार्च

डागांचा भाग. पेशंटच्या खुर्चीत बसायला लागलं. ती खुर्ची बुटकी आहे हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं कार्ड. मी म्हणालो, वटवाघूळ, पण लाजाळू. दुसरं. दोन बायका एक जड टोपलं उचलताहेत आणि दोघींनाही वाटतंय की दुसरी जोर लावत नाहीये. तिसरं. टोपी घातलेलं अस्वल, टोपी दुसऱ्याची आहे. सफाईदार चाललं होतं. चौथ्या कार्डाला चिमणीनं पेन खाली ठेवलं.

"सर, ही उत्तरं तुमची नाहीत."

मी म्हणालो, नॉर्मल माणसांची उत्तरं सारखीच असतात, पुस्तक उघडून बघ. ती म्हणाली, "लाजाळू वटवाघूळ जगात एकाच बाईंना दिसलं होतं, सर. आम्ही परीक्षेला ते पाठ केलं होतं. त्या बाई कोण?"

मी सांगितलं की ही माहिती गोपनीय असते. समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. फारच चांगलं शिकवलं होतं.

शेवटी म्हणालो, "आमची ही."

मग सांगावंच लागलं. लग्न नवीन होतं. मला सरावाला कोणी मिळेना, म्हणून हिला जेवणाच्या टेबलाशी बसवून कार्डं दाखवली. ही हसत सुटली. चाचणी देताना हसायचं नसतं म्हणालो, तर अजूनच हसली. तीच उत्तरं मी पुढे वर्गात वाचत राहिलो. वय आणि लिंग सांगायचो, नाव नाही. नियमच तसा आहे.

चिमणीनं कार्ड माझ्याकडे सरकवलं. "मग तुम्हाला काय दिसतं?"

मी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शाई, म्हणालो. शाई हे उत्तर होत नाही, असं ती म्हणायला लागली. मी म्हटलं, मला माहीत आहे, तो नियम मीच तुला सांगितला. मग पुन्हा पाहिलं.

"कोट. खुंटीला अडकवलेला. आत कोणी नाही."

ती लिहू लागली. तिला सुचायच्या आत मीच सांगितलं की या उत्तराला उदासीचा एक गुण द्यावा लागतो. मग म्हटलं, अर्धा दे, कोट चांगल्या स्थितीत आहे. अर्धा गुण नसतो, सर, म्हणाली. तिचं बरोबर आहे.

उरलेल्या कार्डांत काय दिसलं ते लिहीत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

काल खोलीत उजेड कमी होता. कमी उजेडात घेतलेली चाचणी ग्राह्य धरत नाहीत. मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, खिडकी तर समोरच होती. मी म्हटलं, हो, कारण माझी खुर्ची फिरवली. मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही.

मंगळवार, १९ मार्च

अहवाल आला. सध्या पेशंट पाहण्यास योग्य नाही. शोक दाबून ठेवल्याची लक्षणं. झोप, भूक आणि रक्तदाब यांचा त्याच्याशी संबंध असल्याची शक्यता. दर गुरुवारी समुपदेशन. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं लगेच सुरू करावी.

भाषा साधी, निष्कर्ष पुराव्याला धरून. एक शब्द जास्त नाही. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता, फक्त दुसऱ्याबद्दल.

मी अपील करणार आहे. मुद्दे डोक्यात तयार आहेत. गुरुवारी जाईन, पण तिचं काम कसं चाललंय ते बघायला. गोळी घेतली आहे. लेक रोज फोन करून पिच्छा पुरवते म्हणून.

मॅडमच्या केबिनमधून बाहेर पडताना चिमणी भेटली. "सर, बाईंचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. इतकी वर्षं मुलं ती उत्तरं लिहून घेत आली, आणि हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सांगताना आवाज ठीक होता, शेवटची दोन अक्षरं सोडून.

संध्याकाळी घरी आलो. दूध तापत ठेवलं. सात महिने ते रोज उतू जातंय. आज तिथेच उभा राहिलो. वर आल्यावर गॅस बंद केला.