बिजागरीला हवा नको

उस्ताद, आज गारखेड्यातल्या सभागृहात तुमच्यावर तासभर बोललो. चितेगावच्या वर्कशॉपात तुम्ही मला कोरडं वंगण शिकवलंत, ते सगळं सांगितलं. तेल अंतराळात टिकत नाही. निर्वातात ते उडतं आणि शेजारच्या काचेवर जाऊन बसतं. ग्राफाइट आपल्या कुलपांना चालतं, पण त्याला घसरायला हवेतला ओलावा लागतो. वर तो नाही, म्हणून तिथं त्याची भुकटी होते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं उलटं. निर्वातात ते छान सरकतं, दमट हवेत झिजतं. म्हणून त्याचा थर दिलेली उपग्रहाच्या सौर पंखाची बिजागरी तुम्ही नायट्रोजनच्या पिशवीत ठेवायचात आणि पावसाळ्यात कुणी जवळ आलं की ओरडायचात, "लांब व्हय तिथनं! थर केसापेक्षा बारीक हाय." लोक हसले. मला हसवता येतं.

गेटसभेचं मात्र सांगितलं नाही. आम्ही कंत्राटी कामगार कायम नोकरीसाठी गेटवर जमलो होतो. हे हात आकाशात पंख उघडतात, असं मला म्हणायचं होतं, आणि नुसतं म्हणून माझं कधीच भागलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी पिशवी कापली. पाऊस नुकताच थांबलेला, अंगाला शर्ट चिकटतोय, आणि मी सगळ्यांसमोर बिजागरी उघडमीट करतोय. लोक मोठ्यानं आकडे म्हणतायत. नंतर ती मी नव्या पिशवीत घालून जागेवर ठेवली. चाचणीत ती अडकली. थर गेला होता. साहेबांनी विचारलं, पिशवी कुणी उघडली? तुम्ही म्हणालात, "मैंने." माझी नोकरी राहिली. तुम्हाला बिजागरीच्या कामाच्या बाकावरून उठवून ड्रिलवर बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. नळावर हात धुताना तुम्ही एवढंच बोललात, "तेरे कू बोलने कू हवा होना. इस कू नक्को. इत्ता याद रख."

आज भाषण संपल्यावर उस्मानपुऱ्याहून आलेली तुमची मुलगी पुढं आली. "काका, वर्कशॉपातले म्हणतात, तशी अब्बांनी खरंच ती पिशवी उघडली होती का? घरात शेवटपर्यंत कधी बोललेच नाहीत." भोवती माझे श्रोते उभे होते. मी म्हणालो, "लई जुनं झालं बेटा, आठवत नाही."

तिला द्यायचं म्हणून हे लिहायला बसलो. देईन असं वाटत नाही. आठवतं, उस्ताद. बिजागरी दहाच वेळा उघडायची ठरवली होती. टाळ्या पडल्या, म्हणून थांबलो नाही.