शौरेकचं सूप

झेलेझ्नी ब्रोद,
शनिवार, ९ नोव्हेंबर २०१३

आदरणीय मास्तर,

नमस्कार. गुडघे आता कसे आहेत? तुमची लेक तुर्नोवच्या बाजारात भेटली होती. म्हणाली, “बाबा सशांशी बोलतात तेवढंसुद्धा आमच्याशी बोलत नाहीत.” मी म्हटलं, आमच्याशी तरी कुठे बोलायचे? प्लास्टरशी बोलायचे. ती हसली आणि पत्ता लिहून दिला. त्याला दोन महिने झाले.

इकडे सगळं ठीक. सोमवारी संत मार्टिनचा सण आहे, यार्मिलाने जेवणात भाजायचा हंस आधीच सांगून ठेवलाय. ती अजून भट्टीवरच आहे, आणि तोंडही तसंच चालतं.

मोठी भट्टी पेटवली होती, मास्तर. सव्वातीनशे किलो काच. गुडघे टेकून बसलेल्या बाईचा पुतळा आहे. खांद्यांत जाड, ओंजळीत अगदी पातळ. साचा मी केला. आधाराची तारेची जाळी माझ्या हाताखालच्या राडिमने वळली, पण मिश्रण माझं. तुम्ही शिकवलंत तसंच: आधी पाणी, मग प्लास्टर आणि गारेचं पीठ मुठीमुठीने वरून सोडायचं, आणि हात मागे. “पिऊ दे त्याला. तहानलेल्याला कोणी ढवळतं का?” पिठाची बेटं बुडाली, शेवटचा बुडबुडा फुटला, तेव्हा कोपरापर्यंत हात घातला. बोटांभोवती साय धरायला लागली तशी ओतलं. इतकी वर्षं करतेय, तरी पुढचा अर्धा तास मी साच्यावर तळहात ठेवून उभी राहते. थंड चिखल आतून हळूहळू ऊन होत जातो, झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखा, आणि मग दगड होतो. हे कोणी शिकवलं असेल त्याला?

आठशे चाळीस अंशांवर झरोक्यातून पाहिलं. साच्यावर टांगलेल्या कुंड्यांतून वितळलेली काच मधाच्या धारेसारखी साच्यात उतरत होती. जरासुद्धा आवाज नाही. साचा स्वतः लाल झाला होता, भेगाळायला हवा होता, पण धरून राहिला. मला वाटलं आपण प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये बूट वाजवत शिरलोय.

आता भट्टी निवतेय, अजून दोन आठवडे. ती बाई पुरी झाली की ओंजळीशी अडली, हे फक्त साच्याला ठाऊक आहे.

रविवार

काल इथवर लिहून उठले. आता पुढचं लिहायलाच हवं.

चौऱ्याण्णव साली फुटला तो साचा तुमच्यामुळे नाही फुटला. त्या दिवशी तुम्ही जाळी आणायला गेला होतात. खिडकीखाली लुबोर मोटरसायकल घेऊन उभा होता. मी तेवीस वर्षांची. खाली बघत हसत राहिले, आणि मागे वळले तोवर बादलीतलं मिश्रण धरायला लागलं होतं. फेकून द्यायला हवं होतं. मी त्यात तांब्याभर पाणी घातलं, घोटलं आणि ओतलं. धरायला लागलेल्या प्लास्टरला पुन्हा पाणी पाजलं की ते मरतं, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत. वरून अगदी गुळगुळीत दिसत होतं.

भट्टीत साचा नेमका त्या थराशीच फुटला. सगळी काच भट्टीच्या तळाशी, वर्षाचं काम गेलं. साहेबांनी विचारलं, “मिश्रण कोणाचं?” तुम्ही म्हणालात, “माझं.” मी तुमच्या मागे दोन पावलांवर उभी होते. ईस्टरपर्यंत तुम्ही काम सोडलंत. (लुबोरशी लग्न झालं माझं. तेही त्या साच्यासारखंच टिकलं.)

अजून एक आहे, आणि ते जास्त लाजेचं आहे. तेव्हापासून इथे कोणाचं मिश्रण पातळ झालं की तुमचं नाव घेऊन म्हणतात, “झालं शौरेकचं सूप!” जे तुम्हाला ओळखतसुद्धा नाहीत तेही म्हणतात. एकोणीस वर्षं मीही सगळ्यांबरोबर हसत आले.

जाताना तुम्ही मला त्या साच्याचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होतात. “ठेव. पुढच्या एखाद्या साच्यात कुटून घाल. भाजलेलं प्लास्टर नव्याला आधार देतं.” मला तो कधी उघडवला नाही. तळघरात पडून होता. या सप्टेंबरात, या बाईच्या साच्यासाठी, उघडला.

कडेला तीन बोटं रुंदीचा थर होता, खडूसारखा मऊ. माझं तांब्याभर पाणी तिथे मुरलं होतं. नखाने खरवडून बघणार, तर तिथे आधीच एक रेघ होती. रुंद, तुमच्या अंगठ्याच्या नखाची.

तुम्हाला माहीत होतं. “माझं” म्हणालात तेव्हाही माहीत होतं.

मी तळघराच्या पायरीवर किती वेळ बसले कोण जाणे. रडले असंही नाही. मोठ्या भट्टीचं दार पहिल्यांदा उघडताना पाहिलं होतं तेव्हा जसं झालं होतं, तसं झालं.

मऊ थर बाजूला ठेवला. उरलेला तुकडा खसखशीएवढा कुटून या साच्यात घातला. म्हणजे जो फुटला होता, तोच आत्ता भट्टीत काच धरून बसलाय.

परवा शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं. राडिमचा चमचा हवेतच राहिला. यार्मिला म्हणाली, “एकोणीस वर्षं पोटात ठेवलंस? अगं, माझ्या पोटात कोबीसुद्धा तेवढा टिकत नाही.” मग एप्रनने डोळे पुसायला लागली आणि वर म्हणे, वाफ गेली डोळ्यांत. साहेब आता नाहीत, पण ऑफिसातल्या जुन्या वहीत तुमच्या नावाखाली मी खरं काय ते लिहून सही केली आहे.

भट्टी शनिवारी, तेवीस तारखेला उघडेल. राडिम गाडी घेऊन तुमच्या दारात नऊला येईल. साचा तुम्ही फोडावा असं वाटतं. हातोडा तुमचाच आहे, दांडा तेवढा बदललाय. नसेल यायचं तर राडिमला परत पाठवा, मी समजेन. मऊ तुकडा टपालाने पाठवत नाही. तो हातात द्यायचाय.

काल सकाळी राडिमकडून बादली पातळ झाली. सवयीने तोंड उघडलं त्याने, माझ्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्या कामशाळेला ऐकू जाईल असं ओरडला, “झालं द्राहुशाचं सूप!”

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, मास्तर.

ज्या नावाचं सूप आता इथे रटरटतंय, ती तुमची,
द्राहुशा